ताप उतरला, पण सांधे धरले!

पाऊस लागला की जव्हार-मोखाड्यात भातलावणीची घाई सुरू होते. दिवसभर कमरेत वाकून चिखलात रोपे लावायची. नेमक्या याच वेळी घरातल्या कर्त्या माणसाची मूठ वळेनाशी झाली तर? चिकुनगुनियात असे घडते. ताप आठवडाभरात उतरतो. पण मनगटे, बोटे, घोटे सुजलेले राहतात. सकाळी पाय जमिनीवर टेकवत नाही.

‘चिकुनगुनिया’ हा आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला शब्द. अर्थ, ‘वाकवून टाकणारा’. आजच्या टांझानियात १९५२ मध्ये या आजाराची साथ प्रथम नोंदली गेली. महाराष्ट्रात १९७३ मध्ये बार्शीला मोठी साथ आली. त्यानंतर तीन दशके तो जवळजवळ विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये राज्यात पुन्हा पसरला.

विषाणू सांध्यांच्या अस्तरापर्यंत पोहोचतो. त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती तिथे दाह निर्माण करते. म्हणून ताप गेल्यावरही सूज राहते. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. काहींचे, विशेषतः उतारवयातल्यांचे आणि आधीच सांधेदुखी असलेल्यांचे दुखणे काही महिने रेंगाळते.

मजुरी बुडते म्हणून अनेकजण ‘एक सुई’ मारून घेतात. धोका इथेच आहे. सुरुवातीला डेंग्यू आणि चिकुनगुनिया सारखेच दिसतात. डेंग्यू असताना अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅकसारखी औषधे घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. स्टेरॉइडने तात्पुरते बरे वाटते. पण औषध थांबताच दुखणे उसळू शकते, मधुमेह्याची साखर वाढते. म्हणून तापात पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती. डेंग्यू नाही याची खात्री झाल्यावरच डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक घ्यावे. ताप गेल्यावर सांधे हळूहळू हलवत राहावेत. सूज तीन महिन्यांनंतरही टिकली, तर आमवाताची तपासणी करून घ्यावी.

हा आजार पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. इथे पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. त्यामुळे पिंपे भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पाणी साठवू नका, हा सल्ला इथे कुचकामी. पण पिंपाला घट्ट झाकण किंवा कापड बांधता येते. अंड्यातून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून आतली कड घासावी, कारण अंडी तिथेच चिकटलेली असतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.