आजेसासूबाईंच्या डबीतले निजामी पैसे

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी तांब्यापितळेची भांडी घासायला काढली, की देवघराच्या फडताळातून नाहीतर जुन्या ट्रंकेतून हमखास एखादी डबी निघते. आत चार सुपाऱ्या, एखादं तुटकं जोडवं आणि काळपट पैसे. माहेर किंवा सासर मराठवाड्यातलं असेल, तर त्यात ‘उर्दू लिहिलेले’ दोन-चार पैसेही सापडायचेच. खरं म्हणजे ती भाषा बहुतांशी फारसी, लिपी अरबी. आणि आपण काय करतो? भांड्यांबरोबर त्यांनाही चिंच-मीठ चोळतो! कृपा करून तेवढं करू नका.

हे पैसे हैदराबादच्या निजामाचे. १९०३ साली हैदराबादेत सैफाबादला यंत्रांची टांकसाळ सुरू झाली आणि मीर महबूब अली खान व १९११ नंतर मीर उस्मान अली खान यांची नाणी तिथून बाहेर पडू लागली. रुपयावर चारमिनार असे. गरिबाच्या हातात खेळणाऱ्या ब्राँझच्या दोन पैच्या नाण्यावर मात्र तुघ्रा, म्हणजे अक्षरं एकमेकांत गुंफून केलेली वळणदार नाममुद्रा. पाहणाऱ्याला ती वेलबुट्टीच वाटते, पण त्यात ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह’ असं वाचायचं असतं. दुसऱ्या बाजूला किंमत आणि ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’, म्हणजे शुभ पायावर वसलेलं हैदराबाद. केवढं भारदस्त नाव, आणि किंमत आण्याचा सहावा हिस्सा!

लिपी येत नाही म्हणून अडून बसू नका, साल आपल्यालाही वाचता येतं. लिपी उजवीकडून डावीकडे चालत असली तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच म्हणजे छोटं वाटोळं. सात म्हणजे उघडी चिमटी, आठ म्हणजे तीच उलटी. दोनाला वर एक दात, तिनाला दोन. नऊ इंग्रजीसारखाच. साल हिजरी असतं. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की साधारण इसवी सन येतो. १३३० असेल तर १९१२. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सातवीच्या मुलांना हे गणित घातलं, तर दशांश अपूर्णांकाला कधी नव्हे ते सगळे उत्साहाने बसले.

आता चिंचेचं. ब्राँझवरचा तपकिरी-काळा थर म्हणजे मळ नव्हे. तो वर्षानुवर्षं जमलेला असतो आणि खालच्या धातूला जपतो. आंबट लावलं की तो जातो, त्याबरोबर अक्षरांच्या कडाही झिजतात, आणि असं लखलखीत नाणं संग्राहक कमी भावाने मागतो. धूळच फार असेल तर शुद्ध पाण्यात बुडवून ठेवावं, मऊ सुती कापडाने टिपावं, पूर्ण सुकवावं. भुकटीसारखी फिकट हिरवी बुरशी दिसली तर ते नाणं वेगळं ठेवा. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणी चिकट हिरवी होतात, त्यापेक्षा कागदाचं पाकीट बरं.

विकायचे का? साध्या दोन पैच्या नाण्याला फारसा पैसा येत नाही, हे स्पष्ट सांगते. ‘जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळवा’ असे निरोप मोबाईलवर येतात, आधी थोडं शुल्क भरा म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं, की आपल्या नावाने असं शुल्क किंवा कमिशन मागणारे लबाड आहेत. पण म्हणून भंगारवाल्याला किलोवरही घालू नका हो. आणि अमेरिकेतल्या नणंदेला आठवण म्हणून पाठवायचं मनात असेल तर थांबा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१२ चा पैसा त्यात कधीच बसला!

मला विचाराल तर पैशापेक्षा घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. हे पैसे ज्यांनी वापरले, ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या मुली होत्या. निजामाचा रुपया ‘हाली’, इंग्रजांचा ‘कलदार’. सहा कलदारला सात हाली. आमच्या आजेसासूबाईंना हा हिशेब आजही तोंडपाठ आहे. नवऱ्याचं नाव कधीकधी आठवत नाही, पण सात हाली-सहा कलदार चुकत नाही. परगावची पाहुणी कलदार घेऊन आली की वाणी मोड देताना कसा फसवायचा, हे त्या रंगवून सांगतात.

तेव्हा डबी निघालीच आहे, तर घासणी बाजूला ठेवून आधी त्यांच्यापुढे बसा. पैसा हातात द्या, कडेने धरून. यात काय मिळायचं, विचारा. त्या सांगतील ते पाकिटावर पेन्सिलीने लिहा, खाली त्यांचं नाव आणि आजची तारीख घाला. चिंच काय, भांड्यांना उद्याही लावता येईल.