एकोणीस डॉलरची दुर्बीण आणि तिच्या मागून आलेल्या

आपल्याकडे रायफल म्हटली की कोल्हापूरचा नेमबाज स्वप्निल कुसाळे आठवतो. पण ऑलिंपिकच्या रायफल नेमबाजीत दुर्बीण चालत नाही, तिथे छिद्रातून नेम धरतात. दुर्बीण ही शिकाऱ्याची आणि सैनिकाची वस्तू, आणि ती सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली अमेरिकेत.

१९३० साली विल्यम वीव्हरने ‘मॉडेल ३३०’ बाजारात आणले. रायफलीवर बसवायच्या माउंटसकट किंमत १९ डॉलर. त्या काळी उत्तम दुर्बीण जर्मनीतून यायची आणि साधा शिकारी तिच्या वाटेला जात नसे. वीव्हरने किंमत उतरवली ती गोष्टी गाळून. पाऊण इंची नळी, सुमारे अडीचपट मोठे दिसणारे चित्र, बस्स. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने स्नायपरांच्या स्प्रिंगफील्ड रायफलींवर हीच बसवली.

युद्धानंतर टेक्सासमधल्या एल पासोच्या कारखान्यातून ‘के-४’ निघाली. पोलादी एक इंची नळी, ठाम चारपट, झूम नाही. जुन्या स्वस्त मालातून एकच उचलायची झाली तर मी हीच उचलेन. नळीवर ‘एल पासो’ कोरलेले असेल तर ती १९८४ च्या आधीची, कारण त्या साली तिथला कारखाना बंद झाला. पुढे वीव्हर हे नाव जपानी बनावटीच्या दुर्बिणींवर आले. जुन्या वीव्हरमधून बघताना नेमाची फुली मध्यावरून सरकलेली दिसली की लोक ती बिघडलेली समजून परत ठेवतात. तो बिघाड नव्हे. त्या रचनेत नेम जुळवताना फुलीच सरकते; ती मध्यावर हवी तर आधी माउंट नीट जुळवावे लागते.

काचेचा निकाल मात्र नावावर लागत नाही. मुलामा नसलेल्या काचेच्या दर पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. दहा पृष्ठभाग धरले तर तिसरा हिस्सा वाटेतच जातो. हा तोटा कमी करणारा मुलामा झाइस या जर्मन कंपनीत १९३५ साली अलेक्झांडर स्माकुलाने शोधला, आणि स्वस्त दुर्बिणींपर्यंत तो युद्धानंतर पोचला. ट्यूबलाइटखाली पुढचे भिंग तिरके धरावे. प्रतिबिंब पांढरेफटक असेल तर काच कोरी, निळसर-जांभळे असेल तर बहुधा एक थर, हिरवट झाक असेल तर बहुधा अनेक थर. पण हे झाले बाहेरच्या भिंगाचे. आतली भिंगे कोरी ठेवून दर्शनी तेवढे रंगवण्याची युक्तीही जुनीच आहे. म्हणून मागून टॉर्च मारून आतली प्रतिबिंबे मोजावीत; बुरशीचे धागे आणि भिंगांमधला डिंक सुटल्याचे इंद्रधनुषी डाग त्याच उजेडात दिसतात.

बुशनेल ही कंपनी १९४८ ची, टास्को १९५४ ची. दोघींनी जपानी काच अमेरिकेत आणली, आणि ती किमतीच्या मानाने खरोखर चांगली होती. १९८५ नंतर येन महागला, तसे स्वस्त कामाचे कारखाने कोरिया, तैवान, फिलिपिन्स आणि चीनकडे सरकले. म्हणून टास्को हातात आली की आधी देशाचे नाव वाचावे, मॉडेलचे नंतर.

माझी तक्रार आहे ती या दुसऱ्या पर्वाबद्दल. वीव्हरने गाळून स्वस्त केले. नंतरच्यांनी भर घालून. झूम आणि मोठमोठे आकडे आले, आणि आतल्या स्प्रिंगा व फुली हलवणारे स्क्रू यांच्यावर काटकसर झाली. आकड्यांचा हिशेब साधा आहे: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा. ४×३२ मधून ८ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्याकडे येतो. पॉइंट टूटू रायफलींबरोबर मिळणाऱ्या ४×१५ मधून पावणेचार, म्हणजे संध्याकाळी अंधारच. ३-९×४० नऊपटीवर नेली की साडेचारच्या आतच.

स्क्रूंची परीक्षा मैदानावर होते. एक गोळी झाडून फुली ठरावीक खटके उजवीकडे, तितकेच वर, मग डावीकडे, मग खाली न्यावी आणि दर थांब्यावर एक गोळी झाडावी. चौकोन जुळून शेवटची गोळी पहिलीजवळ लागली तर दुर्बीण घ्यावी. स्प्रिंगवाल्या हवाई बंदुकीवर चढवायची असेल तर एवढ्यावरही भागत नाही. ती दोन्ही दिशांनी धक्का देते, आणि जुन्या हलक्या दुर्बिणी तो सोसण्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या.