कुत्र्याच्या पाठीवरची पडशी

हल्ली रविवारी सकाळी सिंहगडाच्या वाटेला लागावं, तर माणसांबरोबर चार-दोन कुत्रीही चढताना दिसतात. त्यातल्या एखाद्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या असतात. जुन्या माणसांना ही वस्तू वेगळी समजावून सांगायला नको. वारकरी खांद्यावर टाकतो ती पडशीच ही. तिथे एक खण पुढे आणि एक मागे असतो, इथे एक डावीकडे आणि एक उजवीकडे.

मी पशुवैद्य आहे. ‘डॉक्टर, याला पिशवी घेतली तर चालेल का?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. निरोगी, वयात आलेल्या कुत्र्याला चालते. काहींना तर आवडतेही, कारण कामाला लागलेलं कुत्रं चित्त एकाग्र करतं, उगाच ओढाओढ करत नाही. पण ‘किती वजन द्यायचं?’ एवढं एकच विचारून लोक थांबतात. माझ्याकडे येणाऱ्या जखमा मात्र वजनाच्या फारशा नसतात, त्या ढिल्या पट्ट्याच्या असतात.

कुत्र्याने ओझं वाहणं ही आजची टूम नव्हे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात घोडा पोहोचण्यापूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांचं सामान कुत्रीच वाहत. कॅनडाच्या उत्तरेकडचे इनुइट लोक उन्हाळ्यात बर्फ वितळलं, की घसरगाडीच्या कुत्र्यांच्या पाठीवर पिशव्या लादत. पण ती रोज राबणारी कुत्री. दिवसातून दोनदा सोसायटीभोवती फेरी मारणाऱ्या लॅब्रेडॉरशी त्यांची तुलना करू नये.

आपल्याकडे ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५चे नियम आहेत. गाढवावर ५० किलो, तट्टावर ७०, खेचरावर २०० किलोंपेक्षा जास्त लादायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. त्या यादीत कुत्रा नाही. तेव्हा मर्यादा मालकानेच ठरवायची. कुत्र्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत ठेवा, असं मी सांगतो. भरपूर सराव झालेली कुत्री चौथ्या हिश्शापर्यंत वाहतात, असं काही जण म्हणतात. आपल्या चढांवर आणि आपल्या हवेत मी तिकडे जाणार नाही. आणि वजन धरायचं ते कुत्र्याचं असायला हवं ते वजन. ज्याचं ३० किलो हवं आणि ३६ भरतं, तो घरातून निघतानाच ६ किलोंची पिशवी घेऊन निघालेला असतो! त्याला आधी बारीक करा.

पिलांना पिशवी नको. हाडांच्या टोकांशी वाढीचे कोवळे भाग असतात. मोठ्या जातींत ते पक्के व्हायला दीड वर्षही लागतं. म्हातारी, सांधे दुखणारी कुत्री आणि डॅक्सहुंडसारखी लांब पाठीची कुत्रीही यातून वगळावीत.

आता मुख्य गोष्ट. आपल्या गळ्याखाली दोन्ही बाजूंना आडवं हाड हाताला लागतं. कुत्र्यात ते जवळजवळ नाहीच. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नसतात, केवळ स्नायूंनी बांधलेले असतात, आणि धावताना खांद्याचं पसरट हाड बरगड्यांवरून पुढे-मागे सरकतं. त्या हाडावर आडवा पट्टा आला, की पाऊल आखूड पडतं. उलट पिशवी मागे सरकली, तर कमरेवर येते आणि तिथे खाली बरगड्यांचा आधार नाही. म्हणून ओझं खांद्यांच्या लगेच मागे, बरगड्यांवर बसायला हवं. शेवटच्या बरगडीच्या पुढे पिशवी संपली पाहिजे.

यासाठी दुकानात जाण्याआधी शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागे, छाती जिथे सर्वांत रुंद आहे तिथला घेर मोजा. मग दोन खांद्यांमधल्या उंचवट्यापासून शेवटच्या बरगडीपर्यंतची लांबी. ‘लार्ज’, ‘मीडियम’ या शब्दांवर जाऊ नका. एका गृहस्थांनी कुत्रा वाढेल म्हणून मोठी पिशवी घेतली होती, शाळेच्या बुटांसारखी. कुत्रा चार वर्षांचा! ‘अर्ध्या वाटेत बसतो, आळशी झालाय’ ही तक्रार घेऊन ते आले. केस बाजूला केले, तर दोन्ही काखा सोलवटलेल्या. डावीकडे पाण्याच्या दोन बाटल्या, उजवीकडे साखळी आणि बिस्किटं. वजन एकूण अडीच किलोही नव्हतं, कुत्रा ३० किलोंचा. पण पिशवी डावीकडे कलायची आणि प्रत्येक पावलाला पट्टा काखेत काचायचा.

घोड्याच्या खोगिराला तंग असतो, तसा इथे पोटाखालचा पट्टा. तो पुढच्या पायांपासून चार बोटं मागे हवा, काखेत नव्हे. त्याच्या आत आपली दोन बोटं सपाट जावीत. मूठ गेली तर ढिला, बोट अडकलं तर घट्ट. छातीवरचा पट्टा छातीच्या हाडावर यावा, गळ्यावर नको. सगळं बांधून झालं, की कुत्र्याला दहा पावलं चालवा आणि मागून पाहा. पिशवी डोलत असेल, तर ती बसलेली नाही.

भरताना दोन्ही खण स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्या. जड वस्तू पुढे आणि पाठीच्या जवळ ठेवा. पाणी पिऊ लागलात, तर दोन्ही बाजूंचं सारखं कमी करा. पहिला आठवडाभर रिकामी पिशवी घरातच घाला, मग कागदाचे बोळे भरून, मग थोडं थोडं वजन.

आणि ऊन. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त तळव्यांना येतो. बाकी सगळा उकाडा तो धापा टाकून बाहेर टाकतो. त्यात पाठीवर जाड कापड. त्याच १९६५च्या नियमांत, दुपारी १२ ते ३ या वेळात पारा ३७ अंशांवर जात असेल, तर जनावर जुंपू नये असं आहे. कुत्र्यासाठी मी याहून कडक आहे. मार्च ते मे पिशवी खुंटीला राहू द्या. धापा थांबत नसतील, हिरड्या लालभडक दिसत असतील, पाय लटपटत असतील, तर पिशवी काढून सावली आणि साधं पाणी द्या, अंग भिजवा आणि दवाखाना गाठा.

राहता राहिली देशी कुत्र्यांची अडचण. आपला कारवानी कुत्रा छातीला खोल आणि कमरेला सडपातळ असतो. लॅब्रेडॉरच्या मापाने कापलेली पिशवी त्याच्या अंगावर मागे घसरतेच. माझा सल्ला, ती शिवून घ्या. ऑफिसच्या बॅगा दुरुस्त करणारा कारागीर हे काम सहज करतो. त्याला घेर आणि लांबी द्या, आतून मऊ जाळीचं कापड लावायला सांगा, पोटाखाली एकाऐवजी दोन पट्टे, छातीवरचा पट्टा पोटाच्या पट्ट्याला मधोमध जोडणारी एक पट्टी, आणि दोन्ही खण चटकन काढता येतील अशी बक्कलं. विसाव्याला थांबलात, की खण उतरवता येतात आणि पट्ट्याखाली हात फिरवून कातडी गरम झाली आहे का, ते पाहता येतं.