पर्यटकांस भाड्याने दिलेले शेतघर व त्याचे वार्षिक हिशेब

कल्याण आणि डोंबिवली यांच्या मध्ये वसलेल्या ठाकुर्ली, चोळे, कांचनगाव या भागांत एके काळी भाताची खाचरे होती. आज तेथे इमारती उभ्या आहेत, आणि १९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत हा भाग मोडतो. तथापि येथील अनेक जुन्या कुटुंबांची थोडीफार शेतजमीन मुरबाड, शहापूर वा अंबरनाथ तालुक्यांत शिल्लक आहे. पावसाळा सुरू झाला की माळशेज घाटाकडे जाणाऱ्या पर्यटकांची रीघ लागते, आणि शेतावरील दोन खोल्या शनिवार-रविवारी भाड्याने देण्याचा जोडधंदा सहज सुरू होतो. तो शेतकऱ्यास लाभदायक आहे, यात शंका नाही. परंतु या उत्पन्नाचा हिशेब दरवर्षी कोणास व कसा द्यावयाचा, याविषयी गावोगाव फारच गैरसमज आढळतात.

त्यांतील सर्वांत मोठा गैरसमज असा की, घर शेतात आहे, मालक शेतकरी आहे, तेव्हा भाडेही शेतीचे उत्पन्न होय व त्यावर कर नाही. हे बरोबर नाही. शेतजमिनीवरील घर जोवर कसणाऱ्याच्या राहण्यासाठी, धान्य साठविण्यासाठी किंवा अवजारे ठेवण्यासाठी वापरात असते, तोवर आयकर कायदा त्यास शेतीचा भाग मानतो. तेच घर शेतीखेरीज अन्य कामासाठी, मग ते राहावयास का असेना, भाड्याने दिले की त्याचे उत्पन्न शेती-उत्पन्न राहत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात ही गोष्ट २००० सालच्या दुरुस्तीने स्पष्ट करण्यात आली. त्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून योजलेला आहे; कलमांचे क्रमांक बदलले, तरी शेती-उत्पन्नाचे मूळ तत्त्व तेच आहे.

यासाठी शेतावर आलेल्या पाहुण्याकडून मिळालेला प्रत्येक रुपया कशाबद्दल मिळाला, हे पाहावे लागते. पाहुण्याने बागेतील आंबे विकत घेतले, तर ते पैसे शेतीचे. स्वतःच्या रोपवाटिकेतील कलमे नेली, तर तेही शेतीचेच. रोपवाटिकेतील रोपांच्या विक्रीस कायद्याने स्पष्टपणे शेती-उत्पन्नात गणले आहे. मात्र आंब्याची बाग नुसती पाहण्यासाठी घेतलेले प्रवेशशुल्क, बैलगाडीतून फिरविण्याचे पैसे, खोलीचे भाडे आणि पिठले-भाकरीच्या जेवणाची किंमत ही शेतीची नव्हेत. जेवणातील तांदूळ घरच्या शेतातला होता, म्हणून जेवणाची किंमत शेती-उत्पन्न ठरत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ठाकुर्ली येथे राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुरबाड तालुक्यातील शेतघराच्या दोन खोल्या वर्षातून ८० रात्री, प्रत्येकी १,२०० रुपयांप्रमाणे भाड्याने गेल्या. भाडे १,९२,००० रुपये झाले. जेवणाचे ८०,००० रुपये निराळे आले. भात व कलमे यांतून खर्च वजा जाता ५५,००० रुपये हाती राहिले. केवळ खोली भाड्याने दिली असे मानले, तर १,९२,००० मधून ग्रामपंचायतीस भरलेली घरपट्टी, समजा २,००० रुपये, वजा होते. उरलेल्या १,९०,००० वर ३० टक्के, म्हणजे ५७,००० रुपये, सरसकट सूट मिळते आणि १,३३,००० रुपये करपात्र उत्पन्न ठरते. ही ३० टक्के सूट दुरुस्तीवर प्रत्यक्ष एक पैसा खर्च झाला नसला, तरी मिळते. आणि प्रत्यक्ष खर्च जास्त झाला, तरी तीहून अधिक मिळत नाही.

जेवणाचा भाग हा व्यवसाय होय. लहान व्यावसायिकांस सविस्तर हिशेबवह्यांऐवजी उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखविण्याची मुभा आहे. रोखीने आलेल्या रकमेवर किमान ८ टक्के आणि बँकेतून वा मोबाइलवरून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा धरावा लागतो. ८०,००० रुपये सर्व रोख असतील, तर नफा ६,४०० रुपये. येथे काही जण युक्ती लढवितात : संपूर्ण भाडेही व्यवसायात दाखवावे, म्हणजे तेथेही ८ टक्केच धरले जातील. राहत्या घराचे मालकाने घेतलेले भाडे व्यवसायाखाली न दाखविता घरमालमत्तेच्याच सदरात दाखवावे, असे २०२४ च्या दुरुस्तीने सांगितले आहे. चादरी, साफसफाई, भोजन, मार्गदर्शन अशा सेवांसह चालविलेले नोंदणीकृत केंद्र कोणत्या सदरात बसते, हे वस्तुस्थितीवर अवलंबून राहील. तेव्हा करसल्लागाराचे मत आधी लेखी घ्यावे, आणि दरवर्षी सोयीप्रमाणे सदर बदलू नये.

आता याच शेतकऱ्याची ठाकुर्लीस चाळीतील खोल्या भाड्याने दिल्याची मिळकत आहे असे समजा. महानगरपालिकेचा कर भरून २,४०,००० रुपये उरतात; ३० टक्के वजा जाता १,६८,००० रुपये होतात. ठेवींचे व्याज १,१०,००० रुपये आहे. शेतघराचे १,३३,००० आणि जेवणाचे ६,४०० मिळवून बेरीज ४,१७,४०० रुपये येते. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून करमुक्त मर्यादा ४ लाख रुपये आहे. मर्यादा ओलांडली गेल्यामुळे विवरणपत्र भरणे बंधनकारक झाले. याच पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावरील कर सवलतीमुळे शून्य होतो, म्हणून शेतकऱ्यास वाटते की आपला संबंध नाही. कर शून्य असणे आणि विवरणपत्र न भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत चुकल्यास ५ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास १,००० रुपये आणि त्याहून अधिक असल्यास ५,००० रुपये विलंबशुल्क पडते.

शेतीचे ५५,००० रुपये करमुक्तच आहेत. तरीही ते विवरणपत्रात लिहावयाचे असतात. शेती-उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे असेल, तर कराचा दर ठरविताना दोन्हींची बेरीज पाहिली जाते. हे उत्पन्न खरोखर शेतीचेच, हे दाखविण्यास सर्वांत सोपा आधार म्हणजे सातबाऱ्यावरील पिकाची नोंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवावयाचे असते. शहरात राहणारे जमीनमालक नेमका येथेच आळस करतात. गाव नमुना १२ मध्ये पीक नाही, आणि विवरणपत्रात मात्र शेतीचे उत्पन्न आहे, अशी स्थिती झाली, तर खुलासा करणे कठीण जाते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हंगाम चालू असतानाच अशा खातेदारांस निरोप धाडावा.

राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते व दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. हे प्रमाणपत्र उपयोगी आहे. पण त्यामुळे खोलीभाडे शेती-उत्पन्न ठरत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याची दृष्टीही इमारतीच्या वापराकडेच असते. शेतघर पाहुण्यांसाठी वापरण्यापूर्वी तहसील कार्यालयात लेखी विचारणा करावी, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये वापराची नोंद खरी असल्याची खात्री करून घ्यावी.

वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवांची एकूण वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्याशिवाय सामान्यतः लागत नाही. वरील उदाहरणातील शेतकरी त्यापासून बराच दूर आहे. ऑनलाइन आरक्षण करणाऱ्या कंपनीमार्फत पाहुणे येत असतील, तर अशा नोंदणी नसलेल्या मालकाच्या खोल्यांवरील हा कर ती कंपनीच भरते. कोणी हौसेने नोंदणी घेतलीच, तर धंदा झाला नाही त्या काळाचेही शून्य विवरणपत्र भरीत राहावे लागते. अशा कंपनीकडून वर्षाला ५ लाखांहून अधिक रक्कम मिळाल्यास ०.१ टक्का आयकर आधीच कापला जातो, आणि तो व्यवहार आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात मालकाच्या पॅन क्रमांकापुढे दिसू लागतो. घरच्या वहीतील आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे.

एक कर्तव्य मात्र वर्षअखेरीपर्यंत थांबत नाही. परदेशी नागरिक मुक्कामास आला, तर ‘फॉर्म सी’ या नावाने ओळखली जाणारी माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या स्थलांतर व परकीय नागरिक कायद्याखालीही हे बंधन कायम आहे, आणि एका रात्रीच्या मुक्कामासही ते लागू पडते. परदेशातून सुट्टीवर आलेल्या नातलगाबरोबर त्याचा परदेशी मित्र शेतावर राहावयास येतो, तेव्हा हे हमखास विसरले जाते.

पाहुण्यांची एकच जाड वही ठेवावी. तीत आगमनाचा व निर्गमनाचा दिवस, ओळखपत्राचा प्रकार, खोलीचे भाडे, जेवणाचे पैसे आणि शेतमालाची विक्री हे निरनिराळ्या रकान्यांत त्याच दिवशी लिहावे. रोख किती व बँकेतून किती, हेही नोंदवावे. पावत्यांची जोडणी दरमहा करावी. वर्ष ३१ मार्चला संपते, आणि ज्यांचे उत्पन्न केवळ घरभाडे, व्याज अशा स्वरूपाचे आहे त्यांची विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ जुलै ही असते. त्या सुमारास मुरबाडकडे भाताची लावणी आणि पाहुण्यांची गर्दी एकाच वेळी चालू असते. म्हणून हे काम मे महिन्यातच, पेरणीपूर्व मशागतीच्या दिवसांत, उरकून घ्यावे.