विस्कॉन्सिनमधील बेल्जियन वसाहत : वास्तू आणि वाणी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या ईशान्येस, ग्रीन बे शहराच्या पुढे पसरलेल्या डोअर द्वीपकल्पावर बेल्जियन शेतकऱ्यांची जुनी वसाहत आहे. 1853 साली ब्राबांत प्रांतातील ग्रे-द्वासो परिसरातून दहा कुटुंबे अँटवर्प बंदरातून निघाली. 1845 नंतरचा बटाट्यावरील रोग, तुकड्यातुकड्यांची शेती आणि अमेरिकेत एकरी सव्वा डॉलरने मिळणारी सरकारी जमीन ही या स्थलांतरामागील प्रमुख कारणे होत. पुढील चारपाच वर्षांत हजारो लोक त्यांच्यामागून आले. नामूर, ब्रसेल्स, रोझिएर ही तेथील गावांची नावे आजही त्या मायभूमीची साक्ष देतात.

आरंभीची घरे ओंडक्यांची होती. जमीन साफ होईपर्यंत हातघडणीच्या छतफळ्या विकून अनेकांनी निर्वाह केला. 8 ऑक्टोबर 1871 रोजी पेश्टिगोच्या नावाने ओळखला जाणारा महावणवा ग्रीन बे उपसागराच्या दोन्ही तीरांवर पसरला. त्यात हजाराहून अधिक माणसे दगावली आणि या वसाहतीचा मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतर तांबड्या विटांची घरे उभी राहिली. कित्येकांच्या भिंतींत विटांच्या आवरणाखाली ओंडकेच आहेत. मागील बाजूस उन्हाळी स्वयंपाकघर व त्याला जोडलेली पावाची भट्टी, आणि रस्त्याकडेला लहानशी प्रार्थनामंदिरे, ही या प्रदेशाची ओळख ठरली. म्हणजे जिला आज ‘बेल्जियन’ वास्तू म्हणतात, ती केवळ मायदेशातून आणलेली नव्हे. पूर्वस्मृती आणि अग्निभय या दोहोंतून ती घडली. नामूर परिसराला 1990 साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

भाषेची गती मात्र निराळी झाली. वसाहतकारांची बोली वालून; ती फ्रेंचची भगिनी, परंतु स्वतंत्र. बेल्जियममध्ये तिच्यात साहित्यनिर्मिती झाली असली, तरी येथे धर्मकार्याची भाषा फ्रेंच आणि शाळेची इंग्रजी राहिली. वालून शेतात, घरात व ‘केरमिस’ या सुगीच्या उत्सवात बोलली गेली. वाचली-लिहिली क्वचितच गेली. वस्ती एकवट होती तोवर ती टिकली. विसाव्या शतकात पालकांनी मुलांशी इंग्रजीत बोलण्यास प्रारंभ करताच तिची परंपरा खंडित झाली. आज ती जाणणारे मोजकेच वृद्ध उरले आहेत.

वास्तूचे जतन कायद्याने करता येते. बोलीला मात्र पुढील पिढीचे कान लागतात. केरमिस आजही साजरा होतो, पण त्यातील संभाषण आता इंग्रजीत चालते. म्हणून वारसा मोजताना काय उभे राहिले याबरोबरच काय ऐकू येईनासे झाले, याचीही नोंद संशोधकाने घेतली पाहिजे.