सूचीकाराची वही : लेखांक ६ — दहा पुस्तकांत न मावणारा पो

१८३१ साली न्यू यॉर्कमध्ये एलम ब्लिस या प्रकाशकाने एडगर अॅलन पोचा एक छोटा कवितासंग्रह काढला. नाव साधेच, ‘पोएम्स’. त्याच्या शीर्षकपृष्ठावर स्पष्ट छापले आहे : दुसरी आवृत्ती. आता पहिली शोधायला गेलात, तर या नावाचे त्याआधीचे पुस्तक मिळत नाही, कारण ते निघालेच नव्हते. त्याऐवजी दोन वेगळी पुस्तके हाती लागतात. १८२९ मध्ये बाल्टिमोरला ‘अल आराफ, टॅमरलेन अँड मायनर पोएम्स’ निघाले होते आणि त्याआधी १८२७ मध्ये बॉस्टनला ‘टॅमरलेन अँड अदर पोएम्स’. म्हणजे जे पुस्तक स्वतःला दुसरी आवृत्ती म्हणवते, ते कवीचे तिसरे पुस्तक आहे, आणि त्यातल्या जुन्या कविताही बऱ्याच बदललेल्या आहेत.

मागच्या लेखांकात आपण नोंदीचे घटक पाहिले : लेखक, शीर्षक, स्थळ, प्रकाशक, साल, पृष्ठे. हे सगळे शीर्षकपृष्ठावरून उतरवून घ्यावे, असे मी लिहिले होते. आज त्याला जोड द्यायची आहे. शीर्षकपृष्ठ जसेच्या तसे उतरवायचे हे खरेच, पण ते खरे बोलते आहे की नाही हे तपासून, त्याच नोंदीत वेगळ्या ओळीवर लिहायचे. ‘दुसरी आवृत्ती’ हे शब्द गाळू नयेत आणि त्यांच्यावर विसंबूही नये.

यासाठी पोच का निवडला? जन्म १८०९, मृत्यू १८४९, चाळीस वर्षांचे आयुष्य. त्याच्या हयातीत अमेरिकेत त्याच्या नावाशी निगडित दहाच पुस्तके निघाली. एका पानावर मावेल एवढी यादी. तरीही हा माणूस सूचीकाराची पुरती परीक्षा घेतो.

पहिल्या पुस्तकापासूनच सुरुवात करू. १८२७ च्या ‘टॅमरलेन’वर पोचे नाव नाही, ‘एक बॉस्टनकर’ एवढेच आहे. चाळीस पानांची ही पुस्तिका कॅल्व्हिन थॉमस या तरुण मुद्रकाने छापली. अठरा वर्षांचा पो त्या वेळी एडगर पेरी या खोट्या नावाने सैन्यात भरती झाला होता. पुढे १८२९ च्या पुस्तकात त्यानेच सांगितले, की ‘टॅमरलेन’ ही कविता १८२७ मध्ये बॉस्टनला छापली होती, पण खाजगी कारणांमुळे ती प्रकाशात आली नाही. आज त्या पुस्तिकेच्या बाराच प्रती ज्ञात आहेत. त्यांपैकी एक १९८८ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पंधरा डॉलरला विकली गेली, आणि त्याच वर्षी लिलावात तिला १,९८,००० डॉलर मिळाले. दुकानदाराला तिचे मोल कळले नाही याचे कारण उघड आहे : पुस्तकावर नावच नव्हते. निनावी पुस्तकाची किंमत सूची ठरवते, हे इतक्या रोखठोकपणे क्वचितच दिसते.

१८३८ ची ‘आर्थर गॉर्डन पिम’ ही कादंबरी याहून अवघड. तिचे पहिले दोन भाग १८३७ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत ‘सदर्न लिटररी मेसेंजर’ या मासिकात पोच्या नावाने आले होते. पुस्तक मात्र हार्पर या प्रकाशनसंस्थेने काढले ते पिम नावाच्या खलाशाची खरी हकीकत म्हणून, आणि शीर्षकपृष्ठावर पो नाही. मग मासिकातल्या त्या दोन भागांचे काय? त्याचा खुलासा प्रस्तावनेत पिमच करतो : ते भाग आपल्या हकीकतीवरून पोने कथा म्हणून लिहिले होते. म्हणजे खरा लेखक प्रस्तावनेत एक पात्र होऊन येतो. अशी नोंद करताना लेखकाच्या रकान्यात ‘पो’ लिहायचे, पण ‘नाव छापलेले नाही’ हा शेरा चुकवायचा नाही. तो नसेल, तर १८३८ च्या वाचकाच्या हाती नेमके काय पडले होते, ते पुढच्या अभ्यासकाला कधीच कळणार नाही.

१८३९ चे पुस्तक तर साहित्याचे नाहीच. ‘द काँकॉलॉजिस्ट्स फर्स्ट बुक’ हे शंखशिंपल्यांवरचे शालेय पाठ्यपुस्तक. थॉमस वायट यांचा याच विषयावरचा मोठा, महागडा ग्रंथ बाजारात होता आणि त्याची स्वस्त आवृत्ती काढायला मूळ प्रकाशक तयार नव्हता. तेव्हा पोने पन्नास डॉलर घेऊन आपले नाव दिले आणि थोडे संपादनाचे कामही केले. गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी, की पोच्या हयातीत अमेरिकेत खरोखर दुसरी आवृत्ती निघालेले त्याचे पुस्तक हेच. काही चाहते सूचीतून ते वगळतात. मला ते पटत नाही. लेखकाची प्रतिष्ठा राखणे हे सूचीकाराचे काम नव्हे. पुस्तकावर नाव आहे, तेव्हा नोंद हवी, आणि त्यात त्याचा वाटा किती होता हेही हवे.

त्यानंतरचा कथासंग्रह ‘टेल्स ऑफ द ग्रोटेस्क अँड अरॅबेस्क’, दोन खंडांचा. त्यावर साल छापले आहे १८४०, पण तो बाजारात आला १८३९ च्या अखेरीस. इथे दोन्ही साले द्यावीत, छापलेले आधी आणि प्रत्यक्षातले त्यानंतर. असाच घोटाळा त्या काळच्या अमेरिकेतल्या नाताळी वार्षिकांचाही होतो. भेट द्यायची ही देखणी पुस्तके आदल्या वर्षीच निघत. ‘द पर्लॉइन्ड लेटर’ ही गाजलेली कथा ज्या ‘द गिफ्ट’मध्ये आली, त्यावर साल १८४५ चे, पण ते १८४४ मध्येच लोकांच्या हातात होते. साल एकाने चुकले, तर कोणती कथा आधी लिहिली गेली याचे सगळे गणित बिघडते.

उरलेली पुस्तके थोडक्यात : १८४३ ची ‘प्रोज रोमान्सेस’ ही दोनच कथांची पातळ पुस्तिका, १८४५ मध्ये ‘टेल्स’ आणि ‘द रेव्हन अँड अदर पोएम्स’, १८४८ मध्ये ‘युरेका’. झाली दहा.

पण पो या दहांत राहत नाही. तो मासिकांचा लेखक होता. ‘मेसेंजर’, ‘बर्टन्स’, ‘ग्रॅहम्स’, ‘ब्रॉडवे जर्नल’ या नियतकालिकांत त्याने लिहिले आणि संपादनही केले, पोट भरले ते त्यावरच. १८४५ च्या ‘टेल्स’मध्ये बाराच कथा आहेत आणि त्यांची निवडही एव्हर्ट डायकिंक या संपादकाने केली. पो त्या निवडीवर नाराज होता. म्हणून पोची सूची पुस्तकांवर थांबवली, तर अर्धा लेखक बाहेर राहतो. प्रत्येक कथेची आणि कवितेची पहिली प्रसिद्धी, आणि त्यानंतर लेखकाच्या हयातीतली प्रत्येक छपाई, अशी दुसरी यादी हवीच.

ही यादी करताना भेटते ती शीर्षकांची अदलाबदल. पो कथा एकदा छापून थांबत नसे. तो ती सुधारून, कधी नाव बदलून, दुसऱ्या मासिकाला देई. १८४२ ची ‘लाइफ इन डेथ’ आणि १८४५ ची ‘द ओव्हल पोर्ट्रेट’ ही एकच कथा, कापून लहान केलेली. ‘द व्हिजनरी’चे पुढे ‘द असिग्नेशन’ झाले आणि ‘सायोपी’चे ‘सायलेन्स’. ‘लायजिया’ १८३८ मध्ये आली तेव्हा तिच्यात ‘द काँकरर वर्म’ ही कविता नव्हती, ती नंतर घातली गेली. शीर्षकांवरून मोजले तर कथांची संख्या फुगते, आणि सगळी रूपे एकाच ओळीत कोंबली तर लेखकाने बदललेली कथा दिसेनाशी होते. उपाय एकच : एका कृतीची एक मुख्य नोंद, शेवटचे नाव वर, त्याखाली सालवार सगळी रूपे, आणि जुन्या प्रत्येक नावापुढे ‘पाहा’ असा निर्देश.

‘द रेव्हन’चे उदाहरण तर प्रत्येक होतकरू सूचीकाराने स्वतः सोडवून पाहावे. ही कविता २९ जानेवारी १८४५ रोजी ‘ईव्हनिंग मिरर’ या वृत्तपत्रात पोच्या नावाने आली. ‘अमेरिकन रिव्ह्यू’च्या फेब्रुवारीच्या अंकातही ती आहे, तिथे लेखकाचे नाव ‘क्वार्ल्स’. तारखेवरून ‘मिरर’ पहिला. पण ‘मिरर’ने ती ‘रिव्ह्यू’च्या आगाऊ प्रतीवरून, परवानगीने घेतली होती. म्हणजे वाचकापर्यंत आधी वृत्तपत्र पोहोचले, तर वृत्तपत्राचा पाठ आला मासिकावरून. मग पहिली प्रसिद्धी कोणती? माझे उत्तर असे : प्रसिद्धीचा मान ‘मिरर’ला द्यावा आणि पाठाचे मूळ म्हणून ‘रिव्ह्यू’ नोंदवावे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि ते एकाच रकान्यात घातले की वाद कधीच मिटत नाही.

तिसरी यादी संशयित लेखनाची. १८४० मध्ये ‘बर्टन्स’मध्ये ‘द जर्नल ऑफ ज्युलियस रॉडमन’ निनावी, अपुरे छापले गेले. ते इतके खरे वाटले, की अमेरिकन सिनेटसाठी तयार झालेल्या एका अहवालात खरा प्रवास म्हणून त्याचा उल्लेख झाला. पोच्या पत्रात त्याचा निर्देश सापडतो, म्हणून ते त्याचे, हे निश्चित. उलट १८७७ मध्ये इंडियानातल्या कोकोमो गावच्या वृत्तपत्रात पोची म्हणून छापलेली ‘लिओनेनी’ ही कविता जेम्स व्हिटकोम राइली या तरुण कवीची निघाली. आणि १८३६ च्या ‘मेसेंजर’मधले गुलामगिरीचे समर्थन करणारे एक निनावी परीक्षण संपादक हॅरिसन यांनी पोच्या समग्र साहित्याच्या १९०२ च्या सतरा खंडांत पोचे म्हणून घातले. पुढे अनेक अभ्यासकांनी ते लेखक बेव्हर्ली टकर यांचे ठरवले. इथे नोंद हलकी नाही. एक ओळ चुकली, तर एका माणसावर भयंकर मताचा डाग पडतो, किंवा पडायला हवा तो पुसला जातो. म्हणून संशयित लेखन गाळू नये, वेगळे ठेवावे. कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर त्याला पोचे मानले किंवा नाकारले, हे खाली लिहावे.

पोच्या मृत्यूनंतर रूफस ग्रिझवल्ड यांनी १८५० ते १८५६ मध्ये त्याच्या साहित्याचे चार खंड काढले. हाच माणूस पोचा वैरी, आणि त्याने पोच्या पत्रांत खाडाखोड केली होती. १९४१ मध्ये पोचे चरित्रकार आर्थर हॉब्सन क्विन यांनी ते उघड केले. पोने स्वतः पेन्सिलीने दुरुस्त केलेली १८४५ च्या दोन पुस्तकांची प्रत आजही टेक्सस विद्यापीठात आहे, आणि पाठ ठरवताना तिचे वजन ग्रिझवल्डपेक्षा जास्त. पोचे अभ्यासक मॅबट यांनी आयुष्यभर खपून १९६९ आणि १९७८ मध्ये आलेल्या तीन खंडांत कविता व कथांची सगळी रूपे एकत्र आणली. आज पोची सूची करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये दिली, ती मुख्यतः ग्रंथांची. मराठी लेखकांचे मासिकांत आणि दिवाळी अंकांत विखुरलेले लेखन अजून बरेचसे सूचीबाहेरच आहे. वाचकांना एक विनंती : आवडत्या लेखकाचा एक कथासंग्रह घ्या. त्यातल्या प्रत्येक कथेची पूर्वप्रसिद्धी शोधून मासिक, महिना, साल आणि पृष्ठ असे कागदावर मांडा. शीर्षक बदलले असेल, तर दोन्ही लिहा. जिथे अंक हाताशी नाही, तिथे ‘अंक पाहिलेला नाही’ असे लिहायला संकोचू नका. असे कागद मला पाठवा. पुढच्या लेखांकात त्यांतल्याच नोंदी घेऊन ‘पाहा’ निर्देश कसे जोडायचे ते बघू.