मानसिक आरोग्य विभागात नोकरी हवी? अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात, वाचा सविस्तर

‘समुपदेशक पाहिजेत’ अशी जाहिरात व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते. पोरं-पोरी घाईघाईने झेरॉक्स काढतात, जिल्ह्याच्या गावाला जातात आणि तिथे कळतं की तारीख कालच संपली, नाहीतर आपलं शिक्षण त्या पदाला चालतच नाही. एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातं. म्हणून आधी आपल्या शिक्षणाला कोणतं पद मिळू शकतं हे बघावं, मग अर्जाच्या मागे लागावं.

भरती कुठे निघते?

मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. याचं काम जिल्हा रुग्णालयातून चालतं आणि पथक ग्रामीण रुग्णालयांतही तपासणीला जातं. इथली बरीच पदं राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी पद्धतीने भरतात. दुसरा, ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथली शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं. तिथली कायम पदं आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड भरतीतून भरली जातात. तिसरा, व्यसनमुक्ती केंद्रं आणि सेवाभावी संस्था. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. अशा केंद्रांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले लोकही कार्यकर्ते म्हणून काम करताना दिसतात.

कोणत्या शिक्षणाला काय?

दहावी झालेल्यांसाठी कक्षसेवकासारखी गट ड ची पदं असतात. बारावी किंवा पदवीसोबत एमएस-सीआयटी आणि टायपिंग असेल तर नोंदी ठेवण्याच्या, डेटा एन्ट्रीच्या कामाला अर्ज करता येतो. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना परिचारिकेचं पद आहे, पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू पाहिजे. एमएसडब्ल्यू झालेल्यांनी सामाजिक कार्यकर्ता आणि समुपदेशक या पदांवर लक्ष ठेवावं. एमएसडब्ल्यूला वैद्यकीय व मनोविकार हा विषय घेतला असेल तर फायदा होतो.

इथे एक गल्लत फार होते. सहा महिन्यांचा समुपदेशनाचा कोर्स केला म्हणजे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. कोर्सची फी भरण्याआधी कोणत्या सरकारी पदाला तो चालतो, हे जुन्या जाहिराती काढून बघावं.

अर्ज भरताना कुठे अडतं?

जाहिरात जिल्हा परिषदेच्या नाहीतर आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून वाचावी. मुदत कधी कधी आठ-दहा दिवसांचीच असते, त्यामुळे कागद आधीच तयार पाहिजेत: सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आणि अनुभवाचा दाखला.

लग्न झालेल्या मुलींचा अर्ज बऱ्याचदा नावावरून अडतो. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. अशा वेळी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातला नावबदल जोडावा लागतो. अनुभवाच्या दाखल्यावर पद आणि कधीपासून कधीपर्यंत काम केलं, या तारखा हव्यात. ‘काम समाधानकारक’ एवढ्यावर गुण मिळत नाहीत. अनुभव नसेल तर एखाद्या संस्थेत काही महिने काम करून रीतसर दाखला घेतलेला बरा.

मुलाखतीत काय विचारतात?

पुस्तकी व्याख्येपेक्षा वागणं कसं असेल, हे बघितलं जातं. अंगात आलंय म्हणून घरच्यांनी पोराला बांधून ठेवलंय, तर काय कराल? इथे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ माहीत असावा. या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे आणि त्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. घरच्यांना न दुखावता, श्रद्धेची टिंगल न करता रुग्णाला दवाखान्यापर्यंत कसं आणाल, हे सांगता आलं पाहिजे.

गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. कोण तपासायला आलं होतं, हे पारावर एकदा जरी बोललं गेलं, तरी तो माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. गावातलाच कर्मचारी रुग्णाची भाषा ओळखतो, ही त्याची जमेची बाजू; पण तोंड बंद ठेवता आलं तरच तिचा उपयोग.

काम झेपेल का?

कक्षसेवकाला रुग्णाला आंघोळ घालणं, जेवू घालणं, रात्रपाळी करणं असं सगळं करावं लागतं. कंत्राटी पदाचा करार साधारण वर्षभराच्या आतला असतो, नंतर तो वाढवला जातो. कायम होण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. घरी बसून हा हिशोब आधी करावा.

पैसे मागितले तर?

अर्जाचं शुल्क जाहिरातीत लिहिलेलं असतं, तेवढंच भरायचं. ‘साहेबांशी ओळख आहे, ऑर्डर काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. निवड यादी संकेतस्थळावर लागते, ती कुणाच्याही मोबाइलवर दिसते.

आणि नोकरीच्या धावपळीत स्वतःचंच मन थकलं असेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर मराठीतून बोलता येतं.